साधनसंपत्ती कशाला म्हणायचे? चिंचा बेटांची कहाणी

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात 'नैसर्गिक साधनसंपत्ती' या पाठावर चर्चा चालली होती. फळ्यावर नेहमीची व्याख्या लिहिलेली होती: निसर्गात आढळणाऱ्या आणि माणसाच्या उपयोगी पडणाऱ्या गोष्टी म्हणजे नैसर्गिक साधनसंपत्ती. तिच्याखाली दोन रकाने होते, पुन्हा निर्माण होणारी आणि न होणारी. पहिल्यात पाणी, जंगल, मासे. दुसऱ्यात कोळसा, लोखंड, खनिज तेल. इतक्यात कोकणातले एक शिक्षक उठून म्हणाले, "आमच्याकडे दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन उतरतात. रात्री त्यांचा कळप आपल्या शेतात बसवायचा तर भात किंवा पैसे मोजावे लागतात. मग मी लेंड्या कुठल्या रकान्यात लिहू?"

सगळे हसले. मीही हसलो आणि चर्चा पुढे गेली. पण प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्या दिवशी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. पुढे नायट्रोजनच्या इतिहासाबद्दल वाचताना विष्ठेच्याच एका अफाट व्यापाराची हकीकत समोर आली. तिच्यावर एका देशाचा राज्यकारभार चालला, हजारो मजुरांचे प्राण गेले आणि शेवटी त्याच व्यापाराच्या वाटेवर तीन देशांचे युद्ध झाले. ती हकीकत इथे सांगतो, कारण आपल्या व्याख्येतले कच्चे दुवे तिच्यात स्पष्ट दिसतात.

पाऊस नसलेली बेटे

दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाच्या किनाऱ्याजवळ, पिस्को बंदरासमोर तीन लहान खडकाळ बेटे आहेत. त्यांचे नाव चिंचा. नाव ऐकून आपल्या तोंडाला पाणी सुटेल, पण या बेटांचा चिंचेशी काही संबंध नाही. तिथे चिंचेचे काय, कसलेच झाड नव्हते. होते फक्त पक्षी, लक्षावधी पक्षी.

या किनाऱ्याजवळून हम्बोल्ट नावाचा थंड पाण्याचा सागरी प्रवाह वाहतो. खोल समुद्रातले क्षारयुक्त पाणी इथे वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर अँकोव्ही जातीचे लहान मासे, आणि त्या माशांवर पाणकावळे, बूबी आणि पेलिकन हे पक्षी. हे पक्षी वीण घालायला आणि विश्रांतीला बेटांवर येतात. पक्षी शरीरातला टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः यूरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. त्यामुळे त्यांची विष्ठा नायट्रोजन आणि फॉस्फरस यांनी समृद्ध असते.

आता थंड प्रवाहाचा दुसरा परिणाम पाहा. थंड पाण्यावरची हवा वर चढत नाही, ढगातून पाऊस पडत नाही. किनारा वाळवंटी राहतो. पावसाच्या प्रदेशात अशा विष्ठेतील नायट्रोजन झिरपून किंवा अमोनियाच्या रूपात उडून जातो. इथे तो जागच्या जागी साठत राहिला. शेकडो-हजारो वर्षांत बेटांवर विष्ठेचे थर चढले. काही ठिकाणी त्यांची जाडी तीस मीटरांहून अधिक, म्हणजे आजच्या दहा मजली इमारतीएवढी होती. चांगल्या ग्वानोत, म्हणजे या विष्ठेत, नायट्रोजनचे प्रमाण १२ ते १५ टक्के भरत असे. आपल्या शेणखतात ते साधारण अर्धा ते एक टक्का असते. यावरून तुलना करावी.

तिथल्या शेतकऱ्यांना हे गुण फार पूर्वीपासून ठाऊक होते. 'ग्वानो' हा शब्दच मूळ त्यांच्या केचुआ भाषेतला. इंका राजकन्येचा मुलगा असलेला गार्सिलासो दे ला वेगा याने १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवले आहे, की इंकांच्या राज्यात ही बेटे वेगवेगळ्या प्रांतांना वाटून दिलेली होती, आणि विणीच्या हंगामात बेटावर पाऊल ठेवणाऱ्याला किंवा पक्षी मारणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होती. शिक्षा भयंकर होती यात शंका नाही. पण कायद्यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. राज्याने खताच्या ढिगाऐवजी पक्ष्यांना राखले होते.

स्पॅनिश विजेते आले ते सोन्याचांदीसाठी. त्यांच्या दृष्टीने ही बेटे म्हणजे घाणीचे ढीग. जवळजवळ तीनशे वर्षे तेच पदार्थ, त्याच जागी, राज्यकर्त्यांच्या लेखी शून्य किमतीचे होते.

पॅरिसला गेलेले नमुने

१८०२ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट पेरूला पोहोचला. कायाओ बंदरात ग्वानोने भरलेल्या होड्या त्याने पाहिल्या आणि वासाने शिंकाही काढल्या. त्याने नमुने बरोबर घेतले. पॅरिसमध्ये फूरक्रॉय आणि व्होकलँ या रसायनशास्त्रज्ञांनी त्यांचे पृथक्करण करून १८०६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात भरपूर यूरिक आम्ल सापडले. तरीही युरोपातला एकही शेतकरी ग्वानो मागायला धावला नाही. माहिती होती, गरज नव्हती.

गरज पुढच्या तीस-चाळीस वर्षांत निर्माण झाली. कारखान्यांची शहरे वाढली. शेतातले धान्य शहरात जाऊ लागले, पण त्या धान्याबरोबर गेलेले क्षार शेतात परत येईनात. १८४० मध्ये युस्टुस फॉन लीबिग याचा शेतीच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पीक जमिनीतून जे घेते ते जमिनीला परत दिले पाहिजे, हे त्याने ठासून मांडले. नायट्रोजनच्या बाबतीत मात्र त्याचा अंदाज चुकला. पिकाला लागणारा नायट्रोजन हवेतून पुरेसा मिळतो असे तो धरून चालला. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ पासून शेतातच प्रयोग केले आणि गव्हाला नायट्रोजनयुक्त खत दिल्यावर उत्पन्न वाढते हे दाखवून दिले.

म्हणजे पदार्थ होता, त्याचे ज्ञान झाले, गरज उभी राहिली, आणि ते वाहून नेणारी जहाजेही होती. या चार गोष्टी जुळल्या तेव्हाच पक्ष्यांची विष्ठा ही 'साधनसंपत्ती' झाली. एरिक झिमरमन या अर्थशास्त्रज्ञाने १९३३ च्या आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला: साधनसंपत्ती निसर्गात तयार पडलेली नसते, माणसाचे ज्ञान आणि गरजा यांमुळे एखादी वस्तू साधनसंपत्ती बनते.

चाळीस वर्षांची सुबत्ता

१८४० नंतर पेरूच्या सरकारने ग्वानो ही सरकारी मालमत्ता मानून तिच्या विक्रीचे करार केले. पुढच्या चाळीस वर्षांत एक कोटी टनांहून अधिक ग्वानो परदेशी गेला. काही वर्षे तर सरकारच्या उत्पन्नाचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग या एका पदार्थातून येत होता. अमेरिकेत त्याची एवढी टंचाई जाणवली, की १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी काँग्रेसपुढील वार्षिक निवेदनात पेरूच्या ग्वानोचा प्रश्न काढला. १८५६ मध्ये तिथे एक कायदाच झाला. कुणाच्या ताब्यात नसलेल्या निर्जन बेटावर अमेरिकन नागरिकाला ग्वानो सापडला, तर ते बेट अमेरिकेचे म्हणून घोषित करता येऊ लागले. पॅसिफिकमधील बेकर, हाउलँड अशी काही बेटे आजही अमेरिकेकडे आहेत, ती या कायद्यामुळेच.

या पैशाने काय झाले? १८५४ मध्ये अध्यक्ष रामोन कास्तिया यांनी गुलामगिरी बंद केली आणि मूळ रहिवाशांवरचा जुना कर रद्द केला. ग्वानोच्या उत्पन्नामुळे हे सरकारला परवडले. पण नुकसानभरपाई मिळाली ती गुलामांच्या मालकांना. मुक्त झालेल्या सुमारे २५ हजार माणसांना काहीच नाही.

आणि बेटांवर खणण्याचे काम कोण करत होते? सुरुवातीला कैदी, गुलाम आणि थोडे मजूर. पुढे करारावर आणलेले चिनी कामगार. १८४९ ते १८७४ या काळात ९० हजार ते एक लाख चिनी मजूर पेरूत आणले गेले. त्यांतले बहुतेक ऊस-कापसाच्या मळ्यांवर गेले, पण काही हजार बेटांवर गेले. तिथे झाड नाही, गोडे पाणी नाही, हवेत अमोनियाची धूळ. कुदळीने ग्वानो खणायचा, ढकलगाडीतून कड्यापर्यंत न्यायचा आणि कापडी नळातून खाली जहाजात सोडायचा. रोजचे काम पुरे झाले नाही तर फटके. असह्य होऊन मजूर कड्यावरून समुद्रात उड्या टाकत, अशी वर्णने त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवली आहेत. इंग्लंडमधल्या सलगमाच्या शेतात पडणाऱ्या खताच्या किमतीत हा हिशेब कुठेच नव्हता.

ग्वानोवर भरवसा ठेवून सरकारने मोठमोठी कर्जे काढली, अँडीज पर्वतातून रेल्वे बांधायला घेतली. पण १८७० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच चिंचा बेटांवरचे चांगले साठे संपत आले. १८७६ मध्ये पेरूने कर्जफेड थांबवली. जे साठायला शेकडो-हजारो वर्षे लागली, ते एका पिढीत खणून झाले.

इथे आपल्या फळ्यावरचे दोन रकाने आठवा. ग्वानो कुठे लिहायचा? पक्षी आहेत तोवर तो रोज तयार होतो, म्हणून पहिल्यात. इंकांच्या काळी तो खरोखरच पहिल्या रकान्यात होता. एकोणिसाव्या शतकात तोच दुसऱ्यात गेला. वस्तू बदलली नाही, उपशाचा वेग बदलला. विहिरीचे पाणी, समुद्रातले मासे, डोंगरावरचे गवत या सगळ्यांना हेच लागू आहे. 'पुन्हा निर्माण होणारी' हा त्या वस्तूचा अंगभूत गुण नसतो. ती बनण्याचा वेग आणि आपण वापरण्याचा वेग यांची ती तुलना असते.

वाळवंटातले मीठ

ग्वानो संपत आला तोपर्यंत नायट्रोजनचा दुसरा साठा पुढे आला होता. पेरूचा तारापाका प्रांत आणि बोलिव्हियाचा किनारा या अटाकामा वाळवंटाच्या भागात जमिनीखाली सोडियम नायट्रेटचे थर होते. हेही पाऊस नसल्यामुळेच टिकलेले. त्याचा उपयोग दुहेरी होता: खतासाठी आणि स्फोटकांसाठी.

इथे एक भारतीय संदर्भ सांगितला पाहिजे. तोफेच्या दारूला लागणारा सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपला मोठ्या प्रमाणावर बिहारमधून जात असे. गावांच्या जुन्या, मलमूत्र मुरलेल्या मातीवर फुललेला पांढरा क्षार खरवडून, पाण्यात विरघळवून, उकळून सोरा काढण्याचे काम नोनिया जातीचे लोक करत. त्यासाठी इंग्रज, डच, फ्रेंच कंपन्यांची पाटण्यात चढाओढ चाले. दक्षिण अमेरिकेतले नायट्रेट स्वस्तात मिळू लागले, त्यापासून सोरा बनवता येऊ लागला, आणि बिहारचा हा धंदा ओसरला. सोरा मातीत होता तसाच होता. फक्त त्याची संपत्ती म्हणून असलेली किंमत गेली, आणि तिच्याबरोबर पोट भरण्याचे एक साधन.

१८७८ मध्ये बोलिव्हियाने नायट्रेटवर दर क्विंटलमागे दहा सेंटाव्हो कर बसवला. तिथल्या खाणी चालवणारी कंपनी चिलीची होती. पूर्वीच्या तहाप्रमाणे करवाढ करायची नाही असे ठरले होते, म्हणून तिने कर नाकारला. १४ फेब्रुवारी १८७९ रोजी चिलीच्या फौजा अँटोफगास्ता बंदरात उतरल्या. बोलिव्हियाशी गुप्त करार असलेला पेरूही युद्धात ओढला गेला. जानेवारी १८८१ मध्ये चिलीने पेरूची राजधानी लिमा घेतली. युद्ध संपले तेव्हा तारापाका चिलीकडे गेला होता आणि बोलिव्हियाने आपला सगळा समुद्रकिनारा गमावला होता. बोलिव्हिया आजही समुद्रापासून तुटलेला आहे. समुद्राकडे वाट मिळावी यासाठी चिलीला वाटाघाटी करायला लावण्याचा त्याचा दावा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळला.

नायट्रेटच्या खाणींत मजुरांना अनेकदा पैशाऐवजी कंपनीची नाणी मिळत, ती फक्त कंपनीच्याच दुकानात चालत. डिसेंबर १९०७ मध्ये संपावर गेलेले हजारो कामगार बायकामुलांसह इकीके शहरात आले आणि सांता मारिया नावाच्या शाळेत थांबले. २१ डिसेंबरला सैन्याने त्या शाळेवर गोळीबार केला. मृतांच्या आकड्याबद्दल अजून एकमत नाही, पण ते शेकड्यांनी होते याबद्दल वाद नाही. आपण शाळेत शिकवणारी माणसे. हा प्रसंग आपल्याला ठाऊक असावा असे मला वाटते.

हवेतून खत

१८९८ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या ब्रिस्टल येथील अधिवेशनात विल्यम क्रुक्स याने अध्यक्षीय भाषणात इशारा दिला, की गव्हाची मागणी वाढते आहे आणि चिलीचे नायट्रेट फार वर्षे पुरणार नाही. हवेतला नायट्रोजन पिकांना मिळवून देणे हे रसायनशास्त्रज्ञांचे काम आहे. त्याच्या हिशेबात मुख्यतः गहू खाणारे पाश्चात्त्य लोकच होते, पण प्रश्न सर्वांचा होता.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. विद्यार्थ्यांना एक गणित घालून पाहा. एका चौरस मीटरवर सुमारे १० टन हवा असते. म्हणजे एका हेक्टरवर सुमारे एक लाख टन, आणि वजनाने तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग नायट्रोजन. प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यावर हेक्टरी ७५ हजार टन नायट्रोजन आहे आणि पिकाला मात्र शंभर-दीडशे किलो मिळत नाही! कारण नायट्रोजनच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट बांधलेले असतात आणि तो बंध वनस्पतींना तोडता येत नाही.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर याने तो तोडण्याची रीत शोधली. नायट्रोजन आणि हायड्रोजन हे वायू सुमारे २०० वातावरणे दाब आणि ५०० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान यांखाली उत्प्रेरकावरून नेले, की अमोनिया बनतो. जुलै १९०९ मध्ये कार्ल्सरूह येथे त्याने द्रवरूप अमोनिया थेंब थेंब पडताना दाखवला. बाडिश कंपनीतल्या आल्विन मिटाश याने हजारो चाचण्या करून लोखंडापासून स्वस्त उत्प्रेरक तयार केला. तप्त हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ होऊन पात्रे फुटत. त्यावर कार्ल बॉश याने आतून मऊ लोखंडाचे अस्तर लावण्याचा उपाय काढला. १९१३ मध्ये ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. वर्षभरात पहिले महायुद्ध पेटले, ब्रिटिश नौदलाने चिलीची वाट रोखली, आणि खतासाठी शोधलेल्या या रीतीने जर्मनीला स्फोटके पुरवली.

युद्धानंतर ही रीत जगभर पसरली आणि चिलीच्या नायट्रेटची मागणी कोसळली. तिथली हंबरस्टोन आणि सांता लॉरा ही ओस पडलेली खाणगावे २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तिथले सगळे नायट्रेट काही संपले नव्हते. गिऱ्हाईक संपले.

आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न हाबर-बॉश रीतीने मिळणाऱ्या नायट्रोजनवर पिकते, असा अंदाज आहे. मग टंचाई संपली का? या रीतीला लागणारा हायड्रोजन येतो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून. आपल्या रायगड जिल्ह्यातला थळचा खत कारखाना १९८० च्या दशकात उभा राहिला तो मुंबई हाय क्षेत्रातल्या वायूच्या भरवशावर. आता देशाच्या खत कारखान्यांना आयात केलेला वायूही लागतो. म्हणजे नायट्रोजनची टंचाई वायूच्या रकान्यात सरकली, एवढेच. शिवाय शेतात टाकलेल्या युरियातला निम्म्याहून अधिक नायट्रोजन बऱ्याचदा पिकाला मिळतच नाही. काही हवेत जातो, काही नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे असे भारतीय मानक सांगते. आपल्या शाळेच्या विहिरीत ते किती आहे, हे कितीजणांनी तपासले आहे?

पक्ष्यांचे पुढे काय झाले?

१९०९ मध्ये पेरूने ग्वानोच्या कामासाठी कंपनी नेमून बेटांवर पहारे बसवले. पक्ष्यांना वीण पुरी करू द्यायची, मगच आळीपाळीने बेटे खरवडायची. इंकांची जुनीच युक्ती ती! पक्ष्यांची संख्या पुन्हा कोटींत गेली. मग १९५० नंतर त्याच अँकोव्ही माशांची भुकटी करून परदेशातल्या कोंबड्यांना आणि डुकरांना खाऊ घालण्याचा उद्योग वाढला. १९७० मध्ये पेरूची मासेमारी १ कोटी २० लाख टनांवर पोहोचली. १९७२ मध्ये एल निन्योमुळे समुद्र तापला आणि आधीच उपसलेला माशांचा साठा कोसळला. मासे गेले तसे पक्षीही उपाशी मेले. आज तिथे पूर्वीच्या मानाने थोडेच पक्षी उरले आहेत. बेटांवरून अजूनही आळीपाळीने ग्वानो काढतात आणि तो सेंद्रिय शेतीला वापरतात.

वर्गात काय करता येईल?

साधनसंपत्तीचा पाठ शिकवताना यादी पाठ करून घेण्याऐवजी एकाच वस्तूला चार प्रश्न विचारता येतील. ही वस्तू कधीपासून आणि कोणत्या ज्ञानामुळे उपयोगी ठरली? ती किती वेगाने बनते आणि किती वेगाने वापरली जाते? ती काढण्यासाठी कोण राबते आणि फायदा कुणाला होतो? आणि तिच्याऐवजी दुसरी वस्तू आली तर भार कशावर सरकतो?

सुरुवात गावातल्या खताच्या दुकानापासून करावी. युरियाचे पोते ४५ किलोचे, त्यात ४६ टक्के नायट्रोजन; म्हणजे पोत्यात सुमारे २१ किलो. तो कुठून आला, कुठल्या वायूपासून बनला, हे मुलांनी शोधावे. मग घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, की पूर्वी शेत कसे खतवत. कुणी सांगेल, हरभऱ्याचा बेवड चांगला असतो. त्याचे कारण, म्हणजे कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात हे, हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी १८८६ मध्ये सिद्ध केले. शेतकऱ्यांना त्याचा परिणाम त्याआधी कितीतरी पिढ्या माहीत होता. कुणी धनगरांच्या कळपांची गोष्ट सांगेल.

त्या कोकणातल्या गुरुजींना मी नंतर पत्र लिहिले. लेंड्यांना रकाना ठरवून दिला नाही. मुलांना घेऊन धनगराशी बोला, असे कळवले. किती मेंढ्या, किती रात्री, किती भात, आणि उन्हाळ्यात त्या मेंढ्या चरतात कुठे, हे विचारा. त्यांचे उत्तर आले. मुलांनी सगळे विचारले होते. चराईची गायराने दर वर्षी कमी होत आहेत, असे धनगराने सांगितले होते. मुलांनी ते वहीत लिहून घेतले आणि खाली एक प्रश्न लिहिला: गायरान संपले तर आमच्या शेतात खत कुठून येणार? गुरुजींनी तो फळ्यावर तसाच ठेवला होता.